विवाहाचा हक्क आणि नोकरीतले संरक्षण

अमेरिकेत २०१५ साली समलिंगी व्यक्तींना सर्व समान हक्क मिळाले, अशा अर्थाचे वाक्य इतक्या लेखांत वाचले आहे की ते दिसताच पुढच्या मजकुरावरचा माझा विश्वास उडतो. त्या वर्षी २६ जूनला तेथील सर्वोच्च न्यायालयाने ओबर्गफेल खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी समलिंगी जोडप्यांचा विवाहाचा हक्क मान्य केला. हा निकाल वाचकांना ठाऊकच आहे, म्हणून त्यात शिरत नाही. समलिंगी किंवा ट्रान्सजेंडर असल्याच्या कारणावरून नोकरीवरून काढले जाण्यापासून देशभर संरक्षण मिळाले ते मात्र १५ जून २०२० रोजी, बोस्टॉक खटल्यात, ६ विरुद्ध ३ मतांनी.

तारखांची चूक एक वेळ क्षम्य आहे. हक्क कोणाविरुद्ध चालतो हे न पाहण्याची चूक क्षम्य नाही. विवाहाचा निकाल चौदाव्या घटनादुरुस्तीवर उभा आहे आणि ती दुरुस्ती बांधते ती शासनाला, म्हणजे राज्याला, परगण्याला आणि विवाहाचा परवाना देणाऱ्या कारकुनाला. खासगी कंपनीचा मालक, घरमालक किंवा दुकानदार तिच्या कक्षेत येत नाही. त्याला बांधायचे तर कायदेमंडळाने केलेला कायदाच लागतो, आणि नोकरीपुरता असा देशव्यापी कायदा म्हणजे १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचे सातवे प्रकरण. त्यामुळे मधल्या पाच वर्षांत, स्वतःचा भेदभावविरोधी कायदा नसलेल्या अनेक राज्यांत, शासनाच्या परवान्याने लग्न करणारा माणूस त्याच लग्नासाठी रजा मागितल्यावर खासगी नोकरी गमावू शकत होता, आणि तरीही राज्यघटनेचा भंग झाला असे म्हणता येत नव्हते.

सातव्या प्रकरणात लैंगिक कलाचा उल्लेख नाही. त्यात शब्द आहे तो केवळ ‘लिंग’, आणि बोस्टॉकचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती नील गोर्सच यांनी तेवढ्याच शब्दाचा आधार घेतला: पुरुषावर प्रेम करणारी स्त्री नोकरीत चालते, पण तेच करणारा पुरुष चालत नाही, तर मालकाच्या निर्णयात लिंगाचा विचार झालाच. याच निकालात एमी स्टीफन्स यांचेही प्रकरण होते. मिशिगनमधील एका खासगी अंत्यविधी व्यावसायिकाकडे काम करणाऱ्या या बाईंनी यापुढे स्त्री म्हणून कामावर येणार असल्याचे पत्राने कळवले आणि त्यांची नोकरी गेली. निकालाच्या महिनाभर आधी त्यांचे निधन झाले.

उलट टोकाला जाऊन ‘बोस्टॉकने भेदभाव संपवला’ म्हणणारेही भेटतात. सातवे प्रकरण १५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकांनाच लागू आहे. शिवाय त्याच कायद्याच्या हॉटेले, खाणावळी आणि नाट्यगृहे यांच्याविषयीच्या प्रकरण क्रमांक दोनमध्ये वंश, वर्ण, धर्म आणि राष्ट्रीय मूळ एवढेच आहे. ‘लिंग’ हा शब्दच तेथे नसल्याने गोर्सच यांच्या तर्काला धरायला काही उरत नाही. २०२२ चा विवाहविषयक संघीय कायदाही या संदर्भात पुढे केला जातो, पण तो केवळ विवाहापुरता आहे.

आधी विवाह आणि मग नोकरी, हा क्रमही सार्वत्रिक नाही. मॅसॅच्युसेट्स राज्याने नोकरीत लैंगिक कलावरून होणारा भेदभाव १९८९ सालीच कायद्याने निषिद्ध केला आणि तेथे समलिंगी विवाह सुरू झाले १७ मे २००४ रोजी. मेरी बोनॉटो १९९० मध्ये समलिंगी व्यक्तींच्या हक्कांसाठी न्यायालयात लढणाऱ्या बोस्टनच्या ‘ग्लॅड’ या संस्थेत वकील म्हणून आल्या त्या या नव्या कायद्याची अंमलबजावणी करून घेण्यासाठी. विवाहाचा खटला लढा म्हणून येणाऱ्या जोडप्यांना त्यांनी त्या काळात नकार दिला, कारण वेळ आलेली नाही असे त्यांचे मत होते. पुढे २००३ साली गुडरिज खटला जिंकून मॅसॅच्युसेट्समध्ये विवाहाची वाट उघडली ती त्यांनीच. त्यांच्या गौरवाच्या लेखांत मात्र त्यांनी ओबर्गफेल खटल्यात केलेला युक्तिवाद तेवढा असतो आणि मॅकआर्थर फेलोशिप हा मानाचा अमेरिकी सन्मानही त्याच खात्यावर मांडली जाते. ती फेलोशिप २०१४ ची आहे आणि तो युक्तिवाद २८ एप्रिल २०१५ चा. माझ्या मते त्यांच्या कोणत्याही मानपत्रात पहिली ओळ १९९० नंतरच्या त्या नोकरीच्या तंट्यांचीच असायला हवी.