मोराचा टोमणा आणि नदीची करवत

भाच्याने अमेरिकेतून राफ्टिंगचा व्हिडिओ पाठवला. युटा आणि कोलोरॅडो राज्यांच्या सीमेजवळची ग्रीन नदी, तिची लोडोर नावाची घळ, दोन्ही बाजूंना शेकडो मीटर उंच लाल कडे आणि मधून आपटत-उसळत चाललेला रबरी तराफा. खाली प्रश्न: "मामा, डोंगराला वळसा घालायचा सोडून नदी त्याच्या पोटात कशाला शिरली?"

आम्हा खानापूरकरांना हा प्रश्न नवा नाही. आमची मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि पूर्वेला जाताना सौंदत्तीजवळ नविलतीर्थाला आडवा आलेला डोंगर चिरून निघते. यल्लम्माला जाणाऱ्यांनी तिथली गोष्ट ऐकलेली असते. नदी डोंगरापाशी अडली, माथ्यावरच्या मोराने टोमणा मारला, तशी ती चिडली आणि डोंगर फोडून गेली. नविलु म्हणजे कन्नडमध्ये मोर. ही गोष्ट मला फार आवडते. डोक्यात जातं ते मोबाईलवर फिरणारं 'ज्ञान', की असे डोंगर भूकंपाने एका रात्रीत फाटतात आणि म्हणून तिथे 'ऊर्जा' असते! खडकातल्या भेगांचा फायदा नदी घेते, हे खरं. पण अख्खी दरी होते ती कणाकणाने झिजून.

१८६९ साली जॉन वेस्ली पॉवेल हा एका हाताने थोटा माजी सैनिक लाकडी होड्या घेऊन याच लोडोरमधून गेला. एक होडी तिथेच फुटली. त्याने उत्तर दिलं ते सॉ मिलचं. करवत जागेवर फिरते, ओंडका तिच्यावर सरकत येतो. तशी नदी आधीपासून वाहत होती, डोंगर तिच्याखालून हळूहळू वर आला आणि कापला गेला. उपमा झकास, पण लोडोरला ती लागू पडत नाही. तिथला डोंगर नदीपेक्षा जुना आहे. बहुतेक भूशास्त्रज्ञांच्या मते त्याचा हा भाग वाळू, राख आणि गोट्यांच्या थराखाली गाडला गेला होता. नदीने त्या सपाटीवर आपली वाट धरली, खाली कापत गेली आणि पुरलेला डोंगर लागला तेव्हा ती स्वतःच्याच दरीत अडकलेली होती. वळायला जागा कुठे? नविलतीर्थाच्या टेकड्यांवरही पूर्वी दख्खनच्या लाव्ह्याचं पांघरूण असावं आणि मलप्रभेची वाट त्यावरच ठरली असावी, असं मला वाटतं.

आता करवतीचे दात. नुसतं पाणी क्वार्टझाइटसारख्या अतिकठीण खडकाला काय करणार? लोडोरचा लाल खडक सुमारे ७५ कोटी वर्षांचा, आपला नविलतीर्थाचा, म्हणजे कलादगी गटातला, शंभर कोटींहून जुना. पुरातली वाळू तळ घासते, भोवऱ्यात गरगरणारे गोटे रांजणखळगे कोरतात आणि सांधे सुटलेले ठोकळे प्रवाह उपटून नेतो. पाण्याची ताकद म्हणजे ढोबळमानाने प्रवाह गुणिले उतार. कठीण खडकात झीज कमी, म्हणून तिथे उतार साचत जातो. उतार वाढला की ताकद वाढते आणि पुन्हा कापणं सुरू. पात्र अरुंद असेल तर तीच ताकद थोड्या रुंदीवर एकवटते.

पण कडे उभेच का राहतात? कारण पाणी परगावचं आहे. ग्रीन नदीला वायोमिंगच्या डोंगरातलं वितळलेलं बर्फ मिळतं, घळीवर मात्र पाऊस जेमतेम. नदी तळ कापत राहते, पण कडे धुऊन काढायला कोणी नाही. आमच्याकडेही पाणी कणकुंबीच्या धो धो पावसाचं आणि सौंदत्तीचं रान कोरडवाहू.

काठची झाडंही त्या उसन्या पाण्यावरच. वर कोरड्या उतारावर जुनिपर, कड्यांवर बिगहॉर्न मेंढ्या, आणि पाण्यालगत कॉटनवुड, म्हणजे आपल्या नदीकाठच्या वाळुंजाचा भाऊबंद. त्याचं कापसाळ बी उन्हाळ्याच्या तोंडाला, बर्फाचा पूर ओसरताना उडतं. ते जेमतेम काही आठवडे जिवंत राहतं आणि तेवढ्यात त्याला पुराने उघडी केलेली ओली वाळू सापडावी लागते. मग रोपाचं मूळ खाली उतरणाऱ्या पाण्याचा पाठलाग करतं. पाणी फार भरभर उतरलं तर रोप वाळतं. १९६४ साली वरच्या अंगाला फ्लेमिंग गॉर्ज धरण पूर्ण झालं, पुराचा जोर गेला आणि ग्रीनकाठी नवी रोपं विरळ झाली. शेजारच्या यांपा नदीवर असं मोठं धरण नाही, तिथे ती अजून उगवतात. नविलतीर्थाच्या घळीच्या तोंडालाही आता धरण आहेच.

भाच्याला लिहिलं, लोडोर संपल्यावर यांपा येऊन मिळते, तिच्या काठी हातभर उंचीची रोपं दिसली का? म्हणाला, "मामा, तिथे आम्ही जेवायला थांबलो होतो. बघायचं राहिलं."