ली-एनफील्डचा अडकलेला दस्ता: आधी बोल्ट फिरवू नका

जुन्या ली-एनफील्ड रायफलीचा लाकडी दस्ता निघत नसेल, तर मागच्या भोकातून लांब स्क्रूड्रायव्हर घालून दस्ता रायफलीला जोडणारा आतला बोल्ट जोराने फिरवावा, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. १९०७ च्या मार्क ३ नमुन्यासाठी हा सल्ला घातक आहे. या रायफलीत बोल्टचे चौकोनी टोक नळीखालच्या लाकडाच्या मागील कडेतील छोट्या धातुपट्टीत अडकलेले असते. बोल्टसोबत तीही फिरू पाहते आणि इतक्या वर्षांचे वाळलेले लाकूड उभे चिरते. ती चीर पाहताना खरोखर जीव हळहळतो. म्हणून रायफल रिकामी असल्याची खात्री करून आधी नळीखालचे लाकूड उतरवावे, दस्त्याच्या भोकातील चामड्याचा बोळा काढावा आणि मगच बोल्टला हात लावावा.