दाबपात्रातील ढवळणी: खनिजप्रक्रियेतील एका रचनेची पार्श्वभूमी

खनिज दाबाखाली विरघळवण्याच्या औद्योगिक पद्धतीचा उगम सामान्यतः कार्ल जोसेफ बायर यांच्या १८९२ च्या शोधात मानला जातो. बॉक्साइट या ॲल्युमिनियमच्या खनिजावर गरम कॉस्टिक सोड्याची क्रिया घडवताना संबंध फक्त घन आणि द्रवाचा असल्याने, कण तळाशी बसू नयेत एवढीच ढवळणीकडून मुख्य अपेक्षा होती. १९५९ मध्ये क्यूबातील मोआ येथे लॅटेराइटमधले (जांभ्यासारख्या खडकातले) निकेल सल्फ्युरिक आम्लाने सुमारे २५० अंश सेल्सिअसला काढले जाऊ लागले, तेव्हाही उभ्या ऑटोक्लेव्हमध्ये (बंद दाबपात्रात) फिरता दांडा नव्हता; वाफच लगदा घुसळत असे.

सल्फाइड, म्हणजे गंधकयुक्त, खनिजांचे तसे नव्हते. त्यांना ऑक्सिजन लागतो आणि तो गरम द्रावणात फारच थोडा विरघळतो. कॅनडातील फोर्ट सस्कॅचवन येथे शेरिट गॉर्डन कंपनीने १९५४ मध्ये अमोनिया आणि हवा वापरून निकेल काढण्यास आरंभ केला, तेव्हा कण तरंगते ठेवणे आणि वायूचे बारीक बुडबुडे करणे ही दोन कामे एकाच ढवळणीवर आली, आणि पुढची बहुतेक ओढाताण याच दोहोंमधली आहे. सपाट उभ्या पात्यांचे रश्टन टर्बाइन बुडबुडे उत्तम फोडते, पण त्याचा शक्ती-अंक (त्याच वेगाला आणि व्यासाला ढवळणी किती शक्ती खाते हे दाखवणारा आकडा) सुमारे ५ असतो. तिरक्या पात्यांचा त्याच्या चौथाईच्या आसपास, मात्र वायू वाढताच ती लवकर निष्प्रभ होतात. शक्ती वेगाच्या घनाच्या आणि व्यासाच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे व्यास दहा टक्क्यांनी वाढवला, तर मोटरवरचा भार साठ टक्क्यांनी चढतो. कण तळ सोडण्यासाठी लागणाऱ्या किमान वेगाचे झ्वीटरिंग यांचे सूत्र १९५८ चे. ते आजही वापरात आहे.

कॅनडातील ट्रेल येथील जस्ताचा कारखाना (१९८१) आणि कॅलिफोर्नियातील मॅकलॉफ्लिन सोन्याची खाण (१९८५) यांनी आडव्या, कप्पे पाडलेल्या ऑटोक्लेव्हचा मार्ग रूढ केला. ऑक्सिजनची सर्वाधिक मागणी पहिल्या कप्प्यात असते. म्हणून सुट्या भागांच्या सोयीखातर सर्वत्र एकच ढवळणी बसवणे मला तरी पटत नाही. जस्ताच्या बाबतीत वितळलेले गंधक कणांवर लेप धरते. तेथे लिग्नोसल्फोनेट हे लेप सुटवणारे रसायन घालावे लागते, नुसता वेग वाढवून भागत नाही.

दांडा पात्रात शिरतो तेथे गळती रोखणारे दुहेरी यांत्रिक सील बसवून त्या दोन सीलांमधल्या द्रवाचा दाब पात्रातील दाबापेक्षा जास्त ठेवतात, म्हणजे गळती झालीच तर ती आत होते. आम्ल सोसणारे टायटॅनियम शुद्ध ऑक्सिजनमध्ये पेट घेऊ शकते, त्यामुळे वायूच्या नळीचे तोंड पात्यांपासून किती अंतरावर असावे हा प्रश्न मिश्रणाइतकाच सुरक्षिततेचाही ठरतो.