फोटोतली तारीख आणि साक्षीदाराची आठवण

१९४८ सालच्या ‘कॉल नॉर्थसाइड ७७७’ या अमेरिकन चित्रपटाचा शेवट डार्करूममध्ये घडतो. पोलिसाच्या खुनात अडकवलेला नायक शिक्षा भोगतोय आणि जेम्स स्ट्युअर्टने रंगवलेला बातमीदार त्याच्या सुटकेसाठी धडपडतोय. ‘ओळख परेडीआधी मी या माणसाला पाहिलंच नव्हतं,’ असं साक्षीदार बाईने शपथेवर सांगितलेलं असतं. बातमीदाराला मात्र एक जुना फोटो सापडतो. त्यात ती बाई आणि आरोपी दोघंही पोलीस ठाण्यात शिरताना दिसतात. मागे पेपरवाला पोरगा उभा आहे. त्याच्या हातातला पेपर मोठा, आणखी मोठा करत नेला की तारीख दिसते: परेडीच्या आदल्या दिवसाची!

आजच्या मालिकांत सीसीटीव्हीचं धूसर चित्र ‘झूम’ करून गुन्हेगाराचा चेहरा काढतात, त्याचं हे पूर्वरूप म्हणायला हरकत नाही. पण असं खरंच जमलं असतं का?

थोडं गणित करू. पेपरावरच्या तारखेची अक्षरं साधारण २ मिलिमीटर उंच. पोरगा कॅमेऱ्यापासून ६ मीटरवर आहे असं धरू. त्या काळच्या प्रेस कॅमेऱ्यात १३५ मिलिमीटरच्या आसपास नाभीय अंतराची लेन्स असे; ६ मीटरवरची वस्तू तिच्यातून निगेटिव्हवर साधारण ४४ पट लहान उमटते. म्हणजे निगेटिव्हवर अक्षराची उंची जेमतेम ०.०४५ मिलिमीटर भरते. ३ आणि ८ वेगळे ओळखायचे तर या उंचीत निदान पाच तुकडे सुटे दिसायला हवेत, म्हणजे प्रत्येकी ०.००९ मिलिमीटर. जुन्या फिल्मवरचे चांदीचे कण आणि लेन्सची स्वतःची धूसरता बघता इथेच गाडी अडते. पण खरा घोटाळा फोकसचा आहे. फोटोग्राफरने फोकस ३ मीटरवरच्या बाईवर साधला असेल आणि लेन्सचं छिद्र एफ ८, म्हणजे नाभीय अंतराच्या आठव्या भागाइतकं रुंद, असेल, तर ६ मीटरवरच्या प्रत्येक बिंदूचा निगेटिव्हवर सुमारे ०.३८ मिलिमीटरचा ठिपका होतो. अक्षराच्या आठपट मोठा! फोटो मोठा केला की तो ठिपकाही मोठा होतो, एवढंच. फिल्मवर जे उतरलंच नाही, ते कुठलाही एन्लार्जर उभं करू शकत नाही.

हा प्रसंग पटकथेतला असला तरी मूळ कथा खरी. डिसेंबर १९३२ मध्ये शिकागोत विल्यम लंडी या पोलिसाचा एका छोट्या दुकानात गोळ्या घालून खून झाला. जोसेफ मायचेक आणि थिओडोर मार्चिनकेविच या दोघांना प्रत्येकी ९९ वर्षांची शिक्षा झाली, ती मुख्यतः दुकानाच्या मालकिणीच्या साक्षीवर. मायचेकच्या आईने लोकांच्या फरशा पुसून पैसे साठवले आणि १९४४ मध्ये वर्तमानपत्रात जाहिरात दिली: खऱ्या खुन्यांची माहिती देणाऱ्याला ५,००० डॉलर. त्यातून बातमीदार कामाला लागले. त्यांना जे सापडलं ते पडद्यावर फारसं शोभलं नसतं. मालकिणीला मायचेक २२ डिसेंबरला दोनदा दाखवला होता, आणि दोन्ही वेळा तिने त्याला ओळखलं नव्हतं. २३ तारखेला तिने ओळखलं.

मला या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा पुरावा हाच वाटतो. एखादा चेहरा आधी दाखवलेला असला की तो पुन्हा समोर आल्यावर ओळखीचा वाटतो. पण ही ओळख दुकानातली की कालच्या पोलीस ठाण्यातली, हे मेंदूला धडपणे सांगता येत नाही. चेहरा आठवतो, ठिकाण निसटतं. मंगल कार्यालयात कुणी हसून नमस्कार करतं आणि आपण ‘हे कोण बरं?’ करत बसतो, तसंच. फरक एवढाच, की साक्षीदाराचा मेंदू ती रिकामी जागा गुन्ह्याच्या प्रसंगाने भरून टाकतो. त्यात खोटं बोलण्याचा हेतू असायलाच हवा असं नाही.

पुढचा टप्पा याहून चमत्कारिक. गॅरी वेल्स आणि एमी ब्रॅडफील्ड या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना एका बंदूकधाऱ्याची चित्रफीत दाखवली आणि नंतर काही फोटो समोर ठेवले. त्या फोटोंत तो माणूस नव्हताच, म्हणजे निवड चुकणारच होती. काहींना निवडीनंतर फक्त ‘छान, तुम्ही संशयितालाच ओळखलंत’ अशा अर्थाचं एक वाक्य ऐकवलं. तेवढ्याने त्यांची खात्री वाढली. शिवाय, चित्रफीत बघताना चेहरा स्पष्ट दिसला होता, आपलं लक्षही नीट होतं, असं तेच लोक सांगू लागले. कोर्टात साक्षीदार छातीठोकपणे बोट दाखवतो, त्या खात्रीत अशी किती वाक्यं मुरलेली असतात कोण जाणे.

म्हणून परेड घेणाऱ्याला संशयित कोण हे ठाऊक नसावं, आणि साक्षीदाराला किती खात्री आहे ते तिथल्या तिथे लिहून घ्यावं, असं संशोधक सांगतात. आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयाच्या फौजदारी नियमपुस्तिकेत एका संशयितासोबत निदान सहा डमी उभे करायला सांगितलं आहे. दिसायला ते त्याच्यासारखेच हवेत, नाहीतर परेडीला अर्थ उरत नाही.

चित्रपटात लाय डिटेक्टरही आहे, आणि तो चालवणारा लिओनार्ड कीलर हा खऱ्या आयुष्यातलाही त्या यंत्राचा तज्ज्ञ! यंत्र श्वास, रक्तदाब आणि त्वचेवरचा घाम मोजतं. घाबरलेला निरपराध आणि घाबरलेला गुन्हेगार त्याला सारखेच. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ही चाचणी संमतीशिवाय करायला मनाई केली.

मायचेकला ऑगस्ट १९४५ मध्ये माफी मिळाली आणि पुढे २४,००० डॉलरची भरपाई. त्याच साक्षीवर आत गेलेला मार्चिनकेविच चित्रपट झळकला तेव्हाही तुरुंगातच होता. तो सुटला १९५० मध्ये.