५४ साईज म्हणजे नक्की किती? रेसिंग सायकल ठरवण्याआधी एवढे वाचा

“५४ मध्ये आहे का?” “वजन किती?” “ड्युरा-एस घेऊ की अल्टेग्रा?” महागडी रोड सायकल घ्यायला येणारे बहुतेक जण याच क्रमाने विचारतात. वजनाचे आणि ग्रुपसेटचे (गिअर-ब्रेकचा संच; ड्युरा-एस आणि अल्टेग्रा हे शिमानोचे दोन) उत्तर खाली आहे. त्याआधी एक गोष्ट, जिच्यामुळे नवी कोरी सायकल महिन्याभरात पुन्हा आमच्या दुकानातल्या स्टँडवर चढते: हँडल किती पुढे आणि किती वर हवे, हे जोडणीआधी ठरलेले नसते.

फ्रेमवरचा आकडा बाजूला ठेवा

पूर्वी सीट ट्यूबची, म्हणजे सीटखालच्या उभ्या नळीची, लांबी मोजून साईज सांगत. आता टॉप ट्यूब (वरची आडवी नळी) उतरती असते, त्यामुळे तो आकडा नावापुरता उरला आहे. एकाची ५४, दुसऱ्याची एम, तर कोलनागोच्या व्ही४आरएसवर ४८५, ५१०, ५३० असले आकडे. कंपनीच्या तक्त्यात दोनच रकाने पाहा. बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचा आस बसतो तिथल्या) मध्यापासून हेड ट्यूबच्या (हँडलखालच्या पुढच्या नळीच्या) वरच्या कडेपर्यंतची उभी उंची म्हणजे स्टॅक, आणि याच दोन बिंदूंमधले आडवे अंतर म्हणजे रीच.

उदाहरणार्थ, स्पेशलाइज्ड टारमॅक एसएल८ ची ५४ साईज: स्टॅक ५३४ मिमी, रीच ३८४. जायंट टीसीआरची एम: ५४५ आणि ३८८. रीचमध्ये चारच मिलिमीटरचा फरक दिसतो, म्हणून लोक दोन्ही सारख्याच धरतात. पण हेड ट्यूब जमिनीशी ७३ अंशांच्या आसपास कोन करून मागे कललेली असते. स्टेमखाली (स्टेम म्हणजे हँडल धरणारा पुढचा तुकडा) १० मिमीचा स्पेसर, म्हणजे उंची वाढवणारी कडी, घातला की हँडल वर जाते, शिवाय सुमारे ३ मिमी मागेही येते. टारमॅकचे हँडल टीसीआरच्या उंचीला आणायचे तर ११-१२ मिमी स्पेसर लागतात आणि रीच ३८०-३८१ वर उतरतो. खरा फरक ७-८ मिमीचा निघाला. स्टेम १० मिमीच्या पायऱ्यांनी मिळतात, म्हणजे जवळपास एक पायरी. त्यात हेडसेटच्या (हेड ट्यूबमधल्या बेअरिंगच्या जोडीच्या) वरच्या टोपणाची उंचीही सायकलीगणिक वेगळी असते, आणि तक्त्यातल्या स्टॅकमध्ये ती धरलेली नसते.

तेव्हा मित्राच्या ५४ वर एक फेरी मारून “मला ५४ बसते” असे ठरवू नका. त्या सायकलवर त्याचा स्टेम आहे, तुमचा नाही.

“स्टेम बदलायला एवढे पैसे?”

जुन्या सायकलवर हे चार बोल्टचे, पंधरा मिनिटांचे काम होते. आता वरच्या श्रेणीतल्या बहुतेक सायकलींत ब्रेकचे होज (तेलाच्या नळ्या) हँडलच्या आतून किंवा स्टेमखालून हेडसेटमध्ये शिरतात आणि वरच्या बेअरिंगमधून फ्रेममध्ये उतरतात. होज स्टेमखालून जात असतील तर स्टेम बदलणे तरी सुसह्य असते. हँडल आणि स्टेम एकसंध असेल, तर मात्र हे सगळे करावे लागते:

बार टेप (हँडलवर, म्हणजे बारवर, गुंडाळलेली पट्टी) काढायची. दोन्ही लिव्हर उतरवून होज सोडवायचे. नवा बार घालून होज त्याच्या पोटातून पुन्हा ओवायचे. होजच्या टोकाचे ऑलिव्ह आणि इन्सर्ट हे जोड एकदाच वापरायचे असतात, म्हणून ते नवे टाकायचे. दोन्ही ब्रेक ब्लीड करायचे, म्हणजे तेलातली हवा काढायची, बोल्ट टॉर्क रेंचने कंपनीने दिलेल्या मापावर आवळायचे (कार्बनवर बहुधा ५ एनएमच्या आसपास) आणि नवी टेप गुंडाळायची. यात अर्धा दिवस जातो. होज आधीच नेमक्या मापाला कापलेले असतील आणि नवा स्टेम लांब किंवा उंच असेल, तर ते पुरतही नाहीत. मग कॅलिपरपासून नवे टाकावे लागतात. एकसंध बारची स्वतःची किंमत पाच आकडी असते ती वेगळीच.

फोर्कच्या नळीचे, म्हणजे स्टिअररचे, त्याहून वाईट. एकदा कापला की वाढत नाही. खाली कापला गेला आणि नंतर हँडल वर हवे झाले, तर उपाय एकच: नवा फोर्क.

म्हणून आम्ही सायकल त्याच दिवशी हातात देत नाही. आधी फिटिंग स्टँडवर सीटची उंची ठरवतो. पायाच्या आतल्या बाजूची लांबी गुणिले ०.८८३ ही सुरुवात. ८० सेंमीला ७०.६ येते, पुढे घोटा आणि कंबर पाहून ती खालीवर होते. मग ८० ते १२० मिमी स्टेम लावून पाहतो. बारची रुंदीही तेव्हाच ठरते. ४२ सेंमीचा बार सगळ्यांना लागतो हा समज जुना झाला. एकसंध बार हवा असेल तर या मापावरच मागवतो. स्टिअरर सुरुवातीला लांब ठेवून, कंपनीच्या मर्यादेत, काही स्पेसर स्टेमच्या वर बसवतो. २००-३०० किमी चालवून या, मग कापू. तोवर सायकल जरा बोजड दिसते, फोटोत तर जास्तच. दिसू द्या.

फिटिंगचे पैसे आकारतो, आणि सायकल आमच्याकडून घेतल्यास ते बिलातून वजा होतात. सायकल बाहेरून मागवणार असाल तरी माप घेऊन जा. जोडणी झाल्यावर येण्यापेक्षा तुम्हालाही तेच स्वस्त पडेल.

हेडसेटमधून होज जाणारी सायकल पावसाळ्यात चालवत असाल, किंवा घरी ट्रेनरवर घाम गाळत असाल, तर वरचे बेअरिंग वर्षातून एकदा उघडून घ्या. गंजून जाम झाल्यावर ते बदलायला पुन्हा होज सोडवावे लागतात.

वजन, एरो आणि ग्रुपसेट

यूसीआयची (सायकलिंगच्या जागतिक संघटनेची) रेससाठीची किमान मर्यादा ६.८ किलो आहे. ड्युरा-एस आर९२०० आणि अल्टेग्रा आर८१०० यांच्यात पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास फरक पडतो. रायडर आणि सायकल मिळून ७८ किलो धरले, तर तासाभराच्या चढावर हा फरक १३ सेकंदांचा. घाटाचा राजा होण्यासाठी भांडणाऱ्याला तो मोलाचा आहे. बाकीच्यांनी अल्टेग्रा घेऊन उरलेले पैसे चाकांत घालावेत. दोन्ही बारा स्पीड, दोन्ही डीआय२, म्हणजे इलेक्ट्रॉनिक गिअर.

एरो (हवा कापणारी) घेऊ की चढाची (हलकी), हा प्रश्नही अर्धा मिटला आहे. स्पेशलाइज्डने २०२० मध्ये एरो वेंज बंद करून टारमॅकच पुढे नेली, ट्रेकने २०२४ मध्ये चढाची एमोंडा एरो माडोनमध्ये मिसळली.

गिअरकडे मात्र लक्ष द्या. रेसिंग मॉडेलवर पुष्कळदा पुढे ५२/३६ आणि मागे ११-३० दात्यांची चक्रे येतात. पुढच्या ३६ ला मागचे ३० लावून मिनिटाला ६० पेडल मारली तर वेग ९ किमी; ३४ ला ३४ असेल तर साडेसात. सिंहगड किंवा बोपदेव चढताना यापेक्षा हळू गेलात की गुडघे बोलू लागतात. ११-३४ कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) जोडणीच्या वेळीच सांगा, चेन त्या मापाने कापता येते.

हवा

रिम हुकलेस (टायर अडकवणारी कड नसलेली) असेल तर हवेचा दाब कमाल ५ बार, साधारण ७२ पीएसआय. रिमवर किंवा टायरवर कमी आकडा छापलेला असेल तर तोच पाळायचा, आणि टायरही हुकलेसला चालणाराच हवा. जुन्या सवयीने ११० पीएसआय भरले तर टायर रिमवरून उडू शकतो. २८ मिमीच्या ट्यूबलेस टायरला ७० किलोच्या रायडरसाठी ६० ते ७० पुरतात. खराब रस्त्यांसाठी ३० किंवा ३२ बसतो का ते विचारा; टारमॅकमध्ये ३२ पर्यंत जागा आहे.

येताना

क्लीट लावलेले बूट, सायकलिंगची शॉर्ट्स आणि सध्याची सायकल घेऊन या. तिच्यावरची सीटची उंची, सीटच्या टोकापासून बारच्या मध्यापर्यंतचे अंतर आणि दोघांच्या उंचीतला फरक आम्ही मोजून लिहून देतो. मान किंवा हात कुठल्या मापाला दुखतो, ते आधी आठवून ठेवा. दीड तास लागतो. वेळ आधी ठरवा आणि शनिवार-रविवार सकाळ टाळा, तेव्हा राईडवरून येणाऱ्यांच्या पंक्चरांतून डोके वर निघत नाही.