शिक्का उमटवण्याआधी: प्राथमिकच्या शिक्षकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार बाई, नमस्कार गुरुजी,

पाकिटात तुमचे शिक्के, स्टिकरचे ताव आणि बिल्ले आहेत. मोजून घ्या. सोबतचा हा कागदही वाचा. तो वाचून पुढच्या वर्षी तुम्ही स्टिकर कमी मागवलेत तरी आमची तक्रार नाही.

‘छान’ म्हणजे काय छान?

आमचं दुकान छोटं. पुढे काउंटर, मागे शिक्क्यांचं यंत्र आणि बिल्ले दाबायचं हातयंत्र. शाळा उघडायच्या आधी आमच्याकडे सगळ्यात जास्त खपतो तो ‘छान’चा शिक्का. करायला सोपा, उमटवायला सोपा, पण मुलाला तो जवळजवळ काहीच सांगत नाही. दुसरीतल्या पोराने दहा ओळी शुद्धलेखन लिहिलं आणि खाली ‘छान’ उमटलं. अक्षर छान, वेलांट्या छान, की वही न विसरता आणली हे छान? त्याला कळत नाही, म्हणून तो शिक्के मोजायला लागतो. तुझे किती, माझे किती.

म्हणून आम्ही आता कामाचं नाव घेणारे शिक्के करतो: ‘हातचा धरला!’, ‘दोन शब्दांत अंतर सोडलं’, ‘जोडाक्षर जमलं’, ‘चूक स्वतः शोधली’. यात आमची एक अडचणही सुटली. ‘सुंदर लिहितोस’ आणि ‘सुंदर लिहितेस’ असे दोन शिक्के करावे लागायचे. ‘चूक शोधली’ मुलाच्या वहीत चालतं, मुलीच्याही. मराठी व्याकरणाने तुमचे एका शिक्क्याचे पैसे वाचवले म्हणायचं.

सगळ्यात उपयोगी शिक्का मात्र अर्धाच आहे. ‘आज आवडलं ते…’ एवढंच छापलेलं, पुढे रिकामी रेघ. रेघेवर दोन शब्द तुम्ही लिहायचे. चाळीस वह्या रोज अशा तपासून होणार नाहीत, हे आम्हालाही कळतं. रोज पाच-सहा घ्या, आठवड्या-दीड आठवड्यात वर्ग फिरून होतो. सातत्यपूर्ण मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदी भरायला बसाल, तेव्हा या रेघा तुमच्याच कामाला येतील.

‘हुशार’चा बिल्ला

पालकांचा सगळ्यात लाडका बिल्ला हाच. आम्ही तो विकतो, पण मागणाऱ्याला एक गोष्ट सांगतो. १९९८ साली क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी पाचवीच्या मुलांना कोडी सोडवायला दिली. काहींना ‘तू हुशार आहेस’ म्हटलं, काहींना ‘तू मेहनत घेतलीस’. नंतर अवघड कोडी देऊन सगळ्यांनाच अडखळवलं. हुशारीचं कौतुक झालेली मुलं पुढच्या सोप्या कोड्यांतही मागे पडली, मेहनतीचं कौतुक झालेली पुढे गेली. ‘हुशार’ म्हटलेल्या मुलाला एक गणित चुकलं की वाटतं, आता हुशारी गेली. ‘पुन्हा करून पाहिलं’ असाही बिल्ला आमच्याकडे आहे. कमी खपतो.

आधी कबूल करू नका

एका बाईंनी चांदण्यांचे वीस ताव नेले होते. दिवाळीनंतर त्या आल्या त्या वैतागूनच. वर्गातली एक मुलगी आधी मधल्या सुट्टीतही गोष्टीची पुस्तकं घेऊन बसायची. पुस्तकामागे एक चांदणी सुरू झाल्यावर ती सगळ्यात पातळ पुस्तकं शोधायला लागली. चांदण्या संपल्या आणि वाचनही थांबलं. यात चूक त्या बाईंची नव्हती. ‘वाचनासाठी उत्तम’ असं तावाच्या वेष्टनावर आम्हीच छापलं होतं. ती ओळ आता काढली आहे.

१९७३ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालशाळेत लेपर, ग्रीन आणि निसबेट या मानसशास्त्रज्ञांनी हेच तपासलं होतं. तीन ते पाच वर्षांच्या, चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांपैकी काहींना आधीच सांगितलं, की रंगीत पेनांनी चित्र काढलंत तर सोनेरी चांदणीचं प्रमाणपत्र मिळेल. काहींना तेच प्रमाणपत्र न सांगता, नंतर अचानक दिलं. काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात तेच रंगीत पेन ठेवले, तेव्हा बक्षीस कबूल केलेली मुलं इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत बसली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र टिकून होती.

म्हणून चांदणी द्यायचीच तर काम झाल्यावर, न सांगता द्या. मुलाला जे मुळातच आवडतं, त्यावर तर फार जपून. पाढ्यांसारख्या कंटाळवाण्या सरावाला थोडे दिवस स्टिकरचा टेकू दिला तर आम्हाला त्यात काही वावगं वाटत नाही.

भिंतीवरचा चांदण्यांचा तक्ता

वरच्या चार नावांना तो हवाहवासा वाटतो. खालच्या चौघांना आपली रिकामी ओळ रोज प्रार्थनेपासून शाळा सुटेपर्यंत दिसत राहते. त्यापेक्षा वहीच्या शेवटच्या पानावर चिकटवा, नाहीतर सगळ्या वर्गाचा एकच तक्ता करा. तो भरला की पाऊस टाळी वाजवा. तिला खर्च नाही.

‘शंभर टक्के उपस्थिती’चा बिल्लाही जरा विचार करून द्या. आईबाप ऊसतोडीला गेले म्हणून जे लेकरू शाळेबाहेर राहिलं, त्याने काय चुकवलं? असं मूल परत आलं, की त्या दिवशी ‘आलास, बरं वाटलं’ एवढं म्हणा. याचा शिक्का आम्ही करत नाही, तोंडानेच म्हणायचं.

जे आम्ही करून देत नाही

‘ढ’, ‘आळशी’, ‘गचाळ अक्षर’ या मजकुरांचे शिक्के. मागणी अजून येते. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे. कायदा नसता तरी केले नसते.

वापरताना

मुलं हात पुढे करतात, ‘बाई, हातावर!’ म्हणतात. हातावर उमटवू नका, ही शाई कागदासाठी आहे, कातडीसाठी नाही. पहिली-दुसरीला पिनेचा बिल्ला देऊ नका, वेल्क्रोचा मागा. फ्लॅश शिक्क्यात (शाई आतच असते, पॅड लागत नाही तो) साध्या पॅडची शाई घालू नका, शिक्का कायमचा बाद होतो. त्याची शाई वेगळी येते. दोन-तीन थेंब टाका, रात्रभर राहू द्या, वापर झाला की झाकण लावा. वहीचा कागद पातळ असेल तर हलकेच टेकवा, नाहीतर मागच्या पानावर उमटतं.

दरपत्रक मागच्या बाजूला आहे. तुमच्या वर्गाला लागणारा मजकूर आमच्या यादीत नसेल तर कागदावर लिहून पाठवा, चार-पाच शब्दांपर्यंत जादा पैसे घेत नाही. ऱ्हस्व-दीर्घ आम्ही तपासतो, तरी नमुना आला की एकदा तुम्हीही बघा. मागे आमच्याच हातून ‘शुद्धलेखन’ अशुद्ध छापलं गेलं होतं.