कार्टून लावायच्या आधी पाच मिनिटं

एखादं कार्टून घरात चालू द्यायचं का, हे ठरवायला लागणारं सामान थोडंच आहे: घड्याळ, कागद आणि पेन्सिल. मूल झोपल्यावर त्या कार्टूनचा एक भाग काढा, आवाज बंद करा आणि 5 मिनिटं नुसतं बघा. गोष्टीची जागा पूर्ण बदलली की कागदावर एक रेघ ओढा. खोलीतून रस्त्यावर, रस्त्यावरून समुद्राखाली, तिथून पुन्हा खोलीत, अशा तीन रेघा झाल्या. नुसता कॅमेरा एका तोंडावरून दुसऱ्या तोंडावर गेला तर ती रेघ धरायची नाही. पाच मिनिटांत 25 च्या पुढं रेघा गेल्या तर ते धावतं कार्टून. 10 च्या आत राहिल्या तर सावकाश चालणारं.

ही मोजणी एका प्रयोगातून आली आहे. 2011 मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात अँजेलिन लिलार्ड आणि जेनिफर पीटरसन यांनी 4 वर्षांच्या 60 मुलांचे तीन गट केले. एका गटाला 9 मिनिटं धावतं कार्टून दाखवलं, ज्यात सरासरी 11 सेकंदांना दृश्य पूर्ण बदलत होतं. दुसऱ्या गटाला सावकाश कार्टून दाखवलं, त्यात दृश्य 34 सेकंदांनी बदलत होतं. तिसऱ्या गटाला कागद आणि रंग दिले. लगेच नंतर सगळ्यांना सारखीच कामं सांगितली: डोक्याला हात लाव म्हटलं की पायाला लावायचा, आकडे ऐकून उलटे म्हणायचे, समोरचा खाऊ थोडा वेळ न खाता थांबायचं. धावतं कार्टून पाहिलेली मुलं या कामांत स्पष्ट मागं पडली. चित्रं काढणारी आणि सावकाश कार्टून पाहणारी मुलं जवळपास बरोबरीची होती.

स्वतःला आवरणं आणि सूचना डोक्यात धरून तसं वागणं, या क्षमतेला मानसशास्त्रात कार्यकारी क्षमता म्हणतात. शाळेचा पहिला तास याच क्षमतेवर चालतो. या प्रयोगात मोजला गेला तो लगेचचा परिणाम, कायमचा नव्हे. म्हणून यातून निघणारा नियमही वेळेचा आहे: धावतं कार्टून शाळेच्या आधी, अभ्यासाच्या आधी आणि झोपेच्या आधी नको. सकाळी रिक्षामामा यायच्या आधीची वीस मिनिटं हीच नेमकी सगळ्यांत चुकीची वीस मिनिटं आहेत. दुपारी, ज्यानंतर अंगणात खेळायलाच जायचं आहे, तेव्हा तेच कार्टून तेवढं अडत नाही.

लिलार्ड यांच्याच गटाने 2015 मध्ये वेग आणि अशक्य घटना वेगवेगळ्या करून तपासल्या. तेव्हा दिसलं की मुलाच्या डोक्यावर जास्त भार वेगाचा नाही, अशक्य घटनांचा पडतो. भिंतीतून माणूस आरपार गेला, भांडं बोलायला लागलं, अंगाचे दोन तुकडे होऊन जोडले गेले, की लहान मेंदू प्रत्येक वेळी 'हे कसं झालं?' म्हणून थबकतो. उत्तर सापडायच्या आत पुढची अशक्य गोष्ट येते. म्हणून कागदावर दुसरा रकाना करा आणि अशक्य घटनांच्याही रेघा ओढा.

याचा अर्थ कल्पनेवर बंदी घाला असा मुळीच नाही. आजीच्या गोष्टीतला भोपळाही टुणूक टुणूक चालतोच. पण त्या गोष्टीत अशक्य बाब एकच असते आणि ती शेवटपर्यंत टिकते. वाघ भेटतो, मग कोल्हा भेटतो, म्हातारी तेच उत्तर देते आणि पोराला पुढं काय होणार हे ओळखायला वेळ मिळतो. आजी मध्येच थांबते, पोर मध्येच विचारतं. चांगल्या कार्टूनची घडण या गोष्टीसारखी असते: जादू एक, तिचे नियम ठरलेले आणि तिचे परिणाम भोगायला लावणारे.

दोन वर्षांच्या खालच्या बाळासाठी निवडीचा प्रश्नच येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये 2 वर्षांखाली स्क्रीन नको आणि 2 ते 4 वर्षांत दिवसाला 1 तासापेक्षा जास्त नको असं सांगितलं. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही असाच आहे. 2 वर्षांखाली फक्त नात्यातल्या माणसांशी अधूनमधून व्हिडिओ कॉलची सूट आहे. कारण साधं आहे. 2003 मध्ये पॅट्रिशिया कूल यांच्या प्रयोगात 9 महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी 12 वेळा चिनी बोलणारी माणसं समोर बसून बोलली. बाळांना चिनी भाषेतले आवाज ओळखू यायला लागले. त्याच माणसांचा तोच मजकूर टीव्हीवरून दाखवला तेव्हा बाळं काहीच शिकली नाहीत. 'हिंदी कार्टूननं भाषा सुधारंल' म्हणून तान्ह्या पोरापुढं मोबाईल धरण्यात काही हाशील नाही. पाच-सहा वर्षांचं मूल मात्र पडद्यावरून शब्द उचलतं. 'मला भूक लागली'च्या जागी 'मला भूख लागली' ऐकू येतं ते त्यामुळंच. त्यावर रागवायची गरज नाही. मराठी शब्द सहज परत उच्चारला की पुरतं.

तीन ते सहा हे वय सगळ्यांत नाजूक, आणि इथंच मोठ्यांचे अंदाज जास्त चुकतात. या वयात भीती दिसण्यावरून बसते. पात्र स्वभावानं कितीही भलं असो, त्याचा चेहरा बदलला, डोळे लाल झाले, अंग फुगलं की मूल घाबरतं. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला उलट खरोखर घडू शकणाऱ्या गोष्टींची भीती वाटते: चोर, आग, पूर. 2019 आणि 2021 मध्ये पंचगंगेचं पाणी पाहिलेल्या कोल्हापूरच्या मुलाला कार्टूनमधला राक्षस हसवेल, पण त्यातलं बुडणारं घर झोपू देणार नाही. 'ते खोटं असतंय' हे वाक्य सहा-सातच्या पुढं उपयोगी पडतं. चार वर्षांच्या पोराला त्याचा उपयोग नाही. त्याला मांडीवर घ्यायचं, पाणी द्यायचं आणि पडदा बंद करायचा.

खोटं कसं बनतं हे मोठ्या मुलाला हातानं करून दाखवता येतं. जुन्या वहीच्या कोपऱ्यात 24 पानांवर एक चेंडू थोडा थोडा सरकवत काढा आणि पानं अंगठ्यानं भरभर सोडा. सेकंदाला साधारण 12 चित्रं गेली की डोळा हालचाल पाहतो. पडद्यावरच्या चित्रपटात सेकंदाला 24 चौकटी असतात, आणि हातानं काढलेल्या कार्टूनमध्ये बहुतेक वेळा एकच चित्र दोन चौकटींना वापरतात. बाबूराव पेंटरांनी 1917 मध्ये ज्या कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली, तिथल्या पोराला हलतं चित्र कसं तयार होतं हे ठाऊक असायलाच हवं.

आता बोधाबद्दल. '20 मिनिटं खोड्या असल्या तरी शेवटी चांगला धडा असतो' हे कारण आम्हाला पटत नाही. मेरी-लुईझ मॅरेस यांच्या 2008 च्या प्रयोगात बालवाडीच्या मुलांना तीन पायांच्या कुत्र्याची गोष्ट दाखवली. गोष्टीचा बोध होता: वेगळं दिसणाऱ्याला आपल्यात घ्या. बऱ्याच मुलांनी सांगितलेला बोध मात्र तीन पायांच्या कुत्र्यांशी नीट वागण्यापुरता होता. बोध कुत्र्यावरून माणसावर नेणं या वयाला जमत नाही. मुलाच्या लक्षात राहतं ते जास्त वेळ दिसलेलं. म्हणून घड्याळ लावून वाईट वागण्याची मिनिटं आणि ते निस्तरण्याची मिनिटं मोजा. चिडवणं 9 मिनिटं आणि माफी अर्धा मिनिट असेल, तर मूल चिडवायला शिकतं. भाग संपल्यावर 'काय काय झालं सांग' असं विचारा. 'तुला काय शिकायला मिळालं' असं विचारू नका. त्याला मूल तुम्हाला हवं तेच उत्तर देतं.

मारामारीचंही असंच. अल्बर्ट बँडुरा यांनी 1963 मध्ये दाखवलं की माणूस बाहुलीला बडवताना प्रत्यक्ष पाहिलं काय आणि मांजराच्या वेषातल्या पात्राचा कार्टूनसारखा चित्रपट पाहिला काय, मुलं दोन्हींची नक्कल करतात. 1965 मध्ये त्यांनी पुढचं तपासलं: मारणाऱ्याला शिक्षा झालेली दिसली तर नक्कल कमी होते. तेव्हा नुसती मारामारी आहे का एवढं पाहून भागत नाही. मार लागल्यावर दुखतं का, कोण हसतं आणि मारणाऱ्याचं पुढं काय होतं, हे पाहा. लाडू खाल्ला की ताकद येते हे छोटा भीम पाहणारं प्रत्येक पोर सांगेल. कोल्हापुरात त्याला उत्तर शेजारच्या तालमीत आहे. सकाळी जोर-बैठका काढणारी पोरं आणि चीतपट झाल्यावर खाली पडलेल्याला हात देऊन उठवणारा पैलवान एकदा दाखवून आणा.

कार्टून म्हणजे लहान मुलांसाठीच, हा समजही सोडून द्यावा. शिन-चॅनची मूळ चित्रकथा 1990 मध्ये जपानमधल्या मोठ्या माणसांच्या साप्ताहिकात सुरू झाली. त्यातले आई-बापावरचे टोमणे मोठ्यांच्या हसण्यासाठी लिहिलेले आहेत. ओटीटीवर भाग सुरू होताना कोपऱ्यात यू, यू/ए 7+, 13+, 16+ किंवा ए अशी खूण येते. ती वाचा. पण ती खूण हिंसा, भाषा आणि विषय यांबद्दल सांगते, वेगाबद्दल काही सांगत नाही.

एकाच नावाखाली सगळ्या वयांसाठीचा माल विकला जातो, ही फ्रँचायझीची, म्हणजे एका पात्रावर चालणाऱ्या मालिका, सिनेमे आणि खेळण्यांची, खरी अडचण. 2021 पासून स्पायडरमॅनचं बालवाडीच्या मुलांसाठी वेगळं कार्टून आहे. चार वर्षांच्या मुलाला ते चालतं. पण टी-शर्टवरचा तो चेहरा पाहून तेच मूल थिएटरमधला स्पायडरमॅन मागतं, आणि तो त्याच्यासाठी बनवलेला नसतो. परवानगी नावाला देऊ नका, त्या एका मालिकेला द्या आणि मुलाला तशाच शब्दांत सांगा: 'हा छोटा स्पायडरमॅन आपला, मोठा दहावं लागल्यावर.'

कधी खेळणं आधी येतं आणि गोष्ट नंतर. ही-मॅनची खेळणी 1982 ची, कार्टून 1983 चं. पोकेमॉन 1996 मध्ये व्हिडिओ गेम म्हणून आला, कार्टून 1997 मध्ये. असं कार्टून ओळखायची खूण म्हणजे दर दोन-चार भागांनी नायकाला नवी गाडी, नवा पोशाख किंवा नवं रूप मिळणं. साधारण 8 वर्षांखालच्या मुलाला जाहिरात आपल्याला काहीतरी विकायला आली आहे, हेच नीट कळत नसतं. इथं तर जाहिरात आणि गोष्ट एकच.

चित्राचा जोर जिभेपर्यंत पोचतो. 2010 मध्ये येल विद्यापीठातल्या संशोधकांनी 4 ते 6 वर्षांच्या 40 मुलांना तोच खाऊ दोन पाकिटांत दिला, एकावर कार्टूनचं स्टिकर, दुसरं कोरं. बिस्किट आणि गोळ्या स्टिकरच्या पाकिटातल्याच जास्त चवदार लागतात असं बऱ्याच मुलांनी सांगितलं. गाजराच्या बाबतीत हा परिणाम सगळ्यांत कमी होता. म्हणून आमचा ठाम सल्ला: खायच्या वस्तूवर कार्टूनचं चित्र असेल तर ती घ्यायची नाही, यात सूट नको. कपडे, कंपास, डबा यांवर थोडी ढील चालेल. जूनमध्ये कोल्हापूरच्या महाद्वार रोडला दप्तर घेताना आधी पट्ट्याची शिवण, चेन आणि तळाचं कापड पाहा, दप्तर साधं घ्या आणि त्यावर मुलाच्या आवडीचा एक बिल्ला लावा. मुलाची आवड सहा महिन्यांत बदलते, दप्तर दोन वर्षं चालवायचं असतं. फोडल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही अशी कार्डांची पाकिटं महिन्याला एक, बाकी अदलाबदल. पुढच्या पाकिटात काय निघेल या अनिश्चिततेमुळंच हात पुन्हा पुन्हा दुकानाकडं वळतो.

यूट्यूबबद्दल एकच नीट केलं तरी बरंच साधतं. लहान मुलांसाठीचं यूट्यूब किड्स ॲप घ्या, त्यात मुलाचं प्रोफाइल करा आणि 'मजकूर स्वतः मंजूर करा' हा पर्याय निवडा. मग शोधायची सोय बंद होते आणि तुम्ही निवडलेलंच दिसतं. कुलपाच्या चिन्हावर गुणाकाराचं गणित येतं. तिसरीतलं पोर पाढे म्हणून ते सोडवतं, तेव्हा तिथं आपला चार आकडी पासकोड घाला. वाहिनी मूळ निर्मात्याची आहे का तेही पाहा. ओळखीची पात्रं घेऊन भीतीदायक, विकृत प्रसंग दाखवणारे असंख्य नकली व्हिडिओ 2017 मध्ये उघड झाले होते.

डोळ्यांपुढं वेगानं लुकलुकणारा प्रकाश असेल तर कार्टून लगेच बंद करा. 16 डिसेंबर 1997 ला पोकेमॉनच्या एका भागात लाल-निळा प्रकाश सेकंदाला 12 वेळा चमकला आणि जपानमध्ये सुमारे 685 मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं. सेकंदाला 3 पेक्षा जास्त चमक नको, असा सुरक्षेचा नियम आहे. घरात कुणाला फिट्स येत असतील तर खोलीत दिवा लावून, पडद्यापासून लांब बसवावं. चमक आलीच तर एक डोळा तळहातानं पूर्ण झाकावा.

राहिला बंद करण्याचा क्षण. 'दोन मिनिटं राहिली बरं का' असं आधी सांगितलं की मूल शहाण्यासारखं उठतं, असं वाटतं. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या 2016 च्या अभ्यासात उलट दिसलं: आधी इशारा दिला तेव्हा चिडचिड वाढली. भाग आपोआप संपला किंवा रोजच्या क्रमानं पुढचं काम आलं तेव्हा मुलं कमी कुरकुर करत उठली. म्हणून आपोआप पुढचा भाग सुरू होण्याची सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. वेळ मिनिटांत ठरवण्यापेक्षा भागांत ठरवा: 11 मिनिटांच्या दोन गोष्टी. पुढचं काम आधीच दारात असू द्या. फुटबॉल दाराजवळ, चपला बाहेर काढलेल्या, आणि गल्लीतली पोरं साडेपाचला मैदानावर जमतात हे मुलाला माहीत असलेलं.